सेक्शनमध्ये उभी राहिलेली गाडी

पांढुर्ण्याहून सौसरला रेल्वे जात नाही. कधी जातच नव्हती. पांढुर्णा मोठ्या लाईनवर. तिगावकडून आलेल्या गाड्या इथून धडधडत नागपूरकडे निघून जातात. सौसर होतं छोट्या, म्हणजे अरुंद रुळांच्या लाईनवर, लोधीखेडा आणि रामाकोन्याच्या मधे. दोन्ही गावं रेल्वेची, पण एकमेकांकडे जायचं तर बसच धरायची. माझं माहेर सौसर आणि सासर पांढुर्णा, त्यामुळे हे मला कोणी नकाशात दाखवावं लागलं नाही. अर्धं आयुष्य त्या बसच्या खिडकीशी गेलंय.

तरीही पांढुर्णा-सौसर रेल्वे आहे. मी बांधली. कॉम्प्युटरवर, ट्रेन सिम्युलेटर या गाड्या चालवायच्या खेळात, जवळजवळ सात वर्षं खपून. हे सांगितलं की लोक हसतात. आमच्या ऑफिसातल्या एक बाई म्हणाल्या होत्या की एवढ्या वेळात त्यांनी घरभर स्वेटर विणले असते. विणा म्हटलं, मला काय त्याचं.

माझे बाबा छोट्या लाईनवर स्टेशनमास्तर होते. ती लाईन मोठी करायची म्हणून छोटी गाडी बंद झाली तेव्हा ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आठ दिवस त्यांनी अर्ध्या भाकरीवर काढले. त्याच हिवाळ्यात आमच्या घरी एक जुना कॉम्प्युटर आला आणि विकणाऱ्याने त्यात चार-दोन खेळ भरून दिले होते. त्यातला एक हा. सुरुवातीला मी कुठल्यातरी परदेशात बर्फातून गाड्या हाकल्या. मग एक दिवस कळलं की यात नवी लाईनही टाकता येते. बटण दाबलं तर समोर सपाट हिरवी जमीन आली, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी कोरी. मी त्यावर दोन रूळ टाकले आणि बाबांना फोन लावला.

“बाबा, मी रेल्वे बांधून राहिली.”

“कुठून कुठं?”

“पांढुर्णा ते सौसर.”

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “चढ किती ठेवला?”

कशाला बांधतेस, घरची कामं झाली का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

त्या खेळात आपल्याकडचं काहीच मिळत नव्हतं. घरं होती ती सगळी धुराड्याची. पांढुर्ण्याच्या स्टेशनाबाहेर मी तीच मांडली, तर आमच्याकडे आलेले बाबा शेजारी स्टुलावर बसून म्हणाले, “इथं धुराडे कायले वं? पांढुर्ण्यात कोण शेकोटी करून राहिलं घरात?” मग मी धुराडी कापायला शिकले. संत्र्याचं झाड तर नव्हतंच. मी सफरचंदाचं झाड घेतलं, बुटकं केलं, फळांना नारिंगी रंग दिला, आणि मोठ्या ऐटीत त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. “हे तं झाडाले टमाटर लागले,” म्हणाले. ती टमाटरची बाग पुढे तशीच राहिली, कारण दर वेळी तिथून गाडी गेली की आम्हाला हसू यायचं.

जाम नदीवर पूल झाला. मधे थांबे झाले: बोरबन, मावशीचा मळा, जांभूळघाट. ही गावं कुठेही नाहीत, उगाच शोधू नका. सौसरच्या स्टेशनामागे मी आमचं क्वार्टर बांधलं, जिथे मी लहानाची मोठी झाले ते. कडुनिंब, हौद, आणि दोरीवर वाळत घातलेलं आईचं लाल लुगडं. आईला हा सगळा प्रकार म्हणजे बापलेकीचा खुळचटपणा वाटायचा, पण ती आली, कंबरेवर हात ठेवून पाहत राहिली आणि म्हणाली, “माह्यं लुगडं तपकिरी होतं. अन् दोरी एवढी वर बांधते का कोणी? हात कसा पुरन?” मी लुगडं तपकिरी केलं आणि दोरी खाली घेतली.

आता ठोक्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एकेरी लाईनवर दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्याला सेक्शन म्हणतात, आणि एका वेळी त्यात एकच गाडी. दोन्हीकडचे मास्तर एकमेकांना घंटीचे ठोके देऊन बोलतात. एक म्हणजे लक्ष द्या. दोन, लाईन मोकळी आहे का? समोरून तेच दोन परत आले की मोकळी आहे. तीन, गाडी सेक्शनमध्ये शिरली. चार ठोके ज्या स्टेशनाला गाडी पोहोचते तिथला मास्तर देतो: गाडी आली, लाईन मोकळी. तेही शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय द्यायचे नाहीत. गाडी मधेच तुटून अर्धी मागे राहिली असली तर? आणि सहा म्हणजे धोका, लाईन अडली आहे.

हे मला पहिलीत असल्यापासून पाठ होतं. आई चिडलेली असली की मी शाळेतून आल्याआल्या बाबा पाटाच्या कडेवर बोटाने सहा वेळा ठोकायचे. मी मुकाट्याने हातपाय धुऊन अभ्यासाला बसायची. आईला याचा पत्ता लागू दिला नाही, आणि तिनेही त्या टकटकीत कधी लक्ष घातलं नाही.

सिम्युलेटरमध्ये ठोके नव्हते. सिग्नल आपोआप हिरवा होई आणि गाडी निघे. बाबांना हे चालेना. “विचारल्याबिगर गाडी सोडते? माह्या स्टेशनात?” म्हणून नियम ठरला. दर रविवारी चार वाजता मी पांढुर्ण्याहून फोन लावायची आणि चमच्याने स्टीलच्या ग्लासावर एक ठोका द्यायची. तिकडून सौसरचा ठोका यायचा. मग दोन, तिकडून दोन. मग मी गाडी सोडायची आणि तीन ठोके द्यायची. मधे फक्त थांबे, त्यामुळे सगळी लाईन म्हणजे एकच सेक्शन, आणि गाडी पोहोचायला तास-सव्वा तास लागायचा. तेवढा वेळ फोन चालू. मी सांगायची, आता पूल आला, आता टमाटर आले. त्यात बाकीचंही निघायचं: आईचे गुडघे, माझ्या सासूबाईंचं पथ्य, बोंडअळी, कोणाकडे काय झालं. शेवटी मी म्हणायची, “आली बाबा, शेवटचा डबापण आला,” आणि तिकडून चार ठोके. मग फोन ठेवायचा. नुसतं बोलायला म्हणून बापलेक दर आठवड्याला तासभर बोलले असते का? मला नाही वाटत.

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी गाडी जांभूळघाटाच्या वळणावर होती आणि दारात पाहुणे आले, लग्नाची पत्रिका घेऊन. मी बाबांना म्हटलं, “गाडी इथंच उभी करते. उद्या पोहोचवते.”

“उद्या?” ते हसले. “सेक्शनमंदी गाडी उभी ठेवून मास्तर घरी जाते का वं?”

“पाहुणे आलेत बाबा.”

“जा बापा. सौसर जागी आहे म्हणा.”

मी खेळ जसाच्या तसा साठवून बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. बाबा न्हाणीत पडले होते. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द येणार नाहीत. ते खरंच आले नाहीत.

मी तो कॉम्प्युटर परत लावला नाही. पुढे तो माळ्यावर गेला, कूलरच्या वाळ्याच्या जुन्या ताट्यांखाली. रविवारचा फोनही बंद केला. ज्याला बोलता येत नाही त्याला फोन करून काय करायचं? आईला वेगळा फोन व्हायचा, औषधांपुरता. मी शनिवारी सौसरला जायची, बाबांचं अंग पुसायची, नखं काढायची, आणि रविवारी दोनच्या बसने परत. स्वतःला चांगली मुलगी समजायची.

आई सांगायची, “रविवारी तू गेली का चिडचिड करते हा माणूस. फोन डाव्या हातात धरून बसते. मंग चमचा घेऊन पलंगाची दांडी ठोकते. चहा दिला तरी ठोकते.” मी म्हणायची, कंटाळत असतील. त्यांच्या औषधाची वेळ बदलून बघ.

मागच्या पोळ्याच्या आसपासची गोष्ट. माझी दोनची बस चुकली. मी परत घरी आले, बाबा झोपले होते, म्हणून आईबरोबर मागे शेंगा सोलत बसले. चार वाजले आणि आतून आवाज आला. लोखंडावर चमचा. आई म्हणाली, “झालं सुरू.”

मी ऐकलं. सहा ठोके. थांबून परत सहा. मोजावं लागलंच नाही, पहिलीपासून ते माझ्या कानात होते. सोललेल्या शेंगा मांडीवरून खाली सांडल्या.

बाबा तीन वर्षं दर रविवारी सांगत होते की लाईन अडली आहे. गाडी आलेली नाही. ठोक्यांना जीभ लागत नाही, हे त्यांना कळत होतं. मला कळलं नव्हतं. जिला त्यांनी अक्षरांच्या आधी ठोके शिकवले तिला.

मी आत गेले. “बाबा, गाडी?”

त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू हलत नाही, पण डावीला राग पुरेपूर येतो. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मी म्हटलं, “पुढच्या रविवारी आणते. पक्कं.” त्यांनी चमचा खाली ठेवला आणि डोळे मिटले.

नव्या लॅपटॉपवर ती लाईन उघडेना. दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी माळ्यावरून जुना कॉम्प्युटरच उतरवला. पंखा खरखरत का होईना चालू झाला, पण पांढुर्ण्यात गाडी चालवून उपयोग काय होता? शेवटचा डबा आता त्यांनी स्वतःच पाहायला हवा होता. रविवारी सकाळी कॉम्प्युटर चादरीत बांधला आणि मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, “हे काय होय ताई?”

“रेल्वे.”

“बसमंदी रेल्वे?” त्याने तिकीट फाडलं आणि पुढच्याकडे वळला. सौसरपर्यंत मी प्रत्येक खड्ड्याला त्या गाठोड्यावर हात दाबून धरत होते.

बाबांच्या खोलीतल्या टीव्हीला तार जोडली. चार वाजायला आले होते. पडदा उजळला आणि गाडी तिथेच होती, जांभूळघाटाच्या वळणावर, पुढचा दिवा चालू. खेळातलं घड्याळसुद्धा त्याच रविवारचं. त्या गावात बाबांना अजून काही झालेलं नव्हतं. मला एकदम रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. बाबांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं: चल.

मी गाडी सोडली. घाई झाली माझी. पुढच्या उतारावर त्यांनी पंजा उचलला आणि मी ब्रेक लावला. मग बाग आली. बाबांच्या घशातून घरघर निघाली, मी घाबरून वळून पाहिलं, तर ते हसत होते. टमाटर. तीन वर्षांनी पाहिलं मी त्यांना हसताना. पुढे कडुनिंब, हौद, खाली बांधलेली दोरी. आई केव्हातरी दाराशी येऊन उभी राहिली होती. “लुगडं तेच ठेवलं,” ती म्हणाली.

गाडी सौसरला थांबली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी चमचा उचलला, पण ठोकला नाही. टीव्हीकडेच पाहत राहिले. मग माझ्या लक्षात आलं आणि मी चित्र गाडीच्या मागे नेलं, शेवटच्या डब्यापर्यंत. त्याच्या पाठीमागचा लाल दिवा दिसला. बाबांनी तो नीट पाहून घेतला.

मग पलंगाच्या दांडीवर ठोके पडले. एक, दोन, तीन, चार.

आई म्हणाली, “आज चारच?”

“गाडी पोहोचली आई,” मी म्हटलं. सहाचा अर्थ मात्र मी तिला आजतागायत सांगितलेला नाही.

तिने चहा केला. बाबांना मी बशीने पाजला, आणि शेवटच्या बसची वेळ होत आली म्हणून तार काढायला उठले. मागून चमच्याचा एक ठोका आला. मी थांबले. मग दोन.

सौसरला पांढुर्ण्याकडे गाडी सोडायची होती. लाईन मोकळी आहे का, ते विचारत होते.

मी रिकामा ग्लास हातात घेतला आणि त्यावर दोन ठोके दिले.