पुंगळीने पकडलेली किरकिर

मी कणीक मळत होते, तेवढ्यात दार वाजलं. इथल्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले शेजारचे देवीदासभाऊ मदतीला आले होते, हातात फक्त जुना पेपर! माझ्या लेकीला, कुंदाला, तिचं मराठी कथावाचन दुपारी बाराच्या आत स्पर्धेला पाठवायचं होतं आणि रेकॉर्डिंगमध्ये कॉम्प्युटरची किरकिर घुसत होती.

"दुकानवाला म्हणतो, पॉवर सप्लाय बदला," मी म्हणाले.

"ऐकल्याबिगर काहून बदलता, वहिनी? पहिले वरचा पंखा बंद करा."

पेपरची पुंगळी करून त्यांनी एक टोक कानाला लावलं, दुसरं कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यातल्या एकेका भागाजवळ नेलं.

"सप्लाय तर गरीब गाय आहे!" पुंगळी ग्राफिक्स कार्डापाशी थांबली. "सापडली! इथली कॉइल, हे तारेचं वेटोळं, चिरकून राहिली. बेटा, पडद्यावर काय हलून राहिलं?"

कुंदाने हौसेने धुआंधारचा वाहता धबधबा लावला होता.

"चलो, बंद कर त्याला. चित्र हललं की या कार्डावर ताण येते."

धबधबा थांबला आणि किरकिरही गेली! कुंदा टाळ्या पिटत उठली, एका दमात गोष्ट वाचून पाठवूनही मोकळी झाली.

मी पैशांचं विचारलं, तर भाऊ संकोचले.

"पैसे नको. माझे नातू हिंदीतच बोलतात. ही गोष्ट माझ्या मोबाइलवर पाठवजा, त्यांना ऐकवतो."