आत्याचं शेवटचं फेकजाळं

जाळेवाली आत्या रागावलेली नाही असं मी फार कमी वेळा पाहिलं. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठाला आमची पंचवीस-तीस घरांची भोई वस्ती आहे. तिथं उजाडायच्या आधी आत्याचा आवाज सुरू व्हायचा. कुणी होडी नीट बांधली नाही म्हणून, कुणी मासळीच्या पाटीवर ओलं गोणपाट टाकलं नाही म्हणून. ती माझी सख्खी आत्या नव्हती, सगळ्या वस्तीची होती. हातानं जाळं विणणारी तीच एक उरली होती. बाकी सगळे भिगवणहून यंत्राची जाळी आणत.

पसरलेलं जाळं ओलांडायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. चुकून ओलांडलंच, तर त्याच पावली उलटं मागं यायचं. थंडीत रोहित पक्षी बघायला पुण्याकडची माणसं येतात. त्यांच्यातला एक कॅमेरावाला आत्याच्या वाळत घातलेल्या जाळ्यावरून सरळ चालत गेला.

"ओ सायेब, मागं या. जसं गेला तसं उलटं या."

तो हसला. आत्या उठून उभी राहिली. "हसताय काय? ह्यो काय तुमच्या घरचा उंबरा हाय?"

तो मुकाट्यानं उलटा चालत आला आणि वर फोटो मागू लागला. आत्या म्हणाली, "काढा की. पर समोर हुबं ऱ्हाऊन काढा. मी काय पाखरू न्हाय लपून टिपायला."

जाळं विणताना ती त्याचा शेंडा बाजेच्या खुराला बांधायची आणि बांबूच्या चपट्या सुईनं गाठ मारत जायची. मला विणायला बसवलं तेव्हा माझी प्रत्येक गाठ दातात धरून ओढून बघायची. सुटली, की पाठीत धपाटा. मी बारावी झाले, बारामतीच्या कॉलेजात नाव घातलं, तिथंच जळोचीला खोली घेऊन राहू लागले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. सगळ्यांनी पेढे खाल्ले. आत्या मात्र म्हणाली, "शिक. पर तितं मान खाली घालून बसू नगंस. तुज्या आईनं तशी वर्सं काढली तेवढी बास झाली."

मागच्या वर्षी तिच्या एका डोळ्याचं दिसणं गेलं आणि दुसऱ्यावर पडदा आला. तरी तिनं दिवाळीनंतर एक फेकजाळं विणायला धरलं. आपला मुलगा पोपटदादा याच्यासाठी. फेकजाळं छत्रीसारखं गोल असतं. मधल्या शेंड्यापासून सुरू करून फेरा फेरा वाढवत न्यायचं आणि कडेला शिशाचे मणी ओवायचे. ती बोटांनी चाचपून विणत होती. होळीला जाळं पुरं झालं. "ह्ये शेवटचं," ती म्हणाली. "आता बोटांनाबी दिसंना."

त्याच सुमाराला कॉलेजात लोककलेचा कार्यक्रम ठरला. सरांनी वर्गात विचारलं, कुणाच्या गावात काय आहे? मी कधी हात वर करत नाही. त्या दिवशी केला. आत्याकडे जाळं मागितलं तर ती आधी नको म्हणाली, मग माझं तोंड बघून विरघळली. "ने. पर रविवारी परत आण. पोपट वाट बघतुया." मी ते एसटीत मांडीवर घेऊन गेले. कुणाचा पाय लागू दिला नाही.

स्टेजवर मागच्या पडद्याला ते लावायचं होतं. गोल जाळं सपाट बसेना. मध्ये फुगायचं.

"सर, ते गोलच असतं," मी म्हणाले.

"हो गं, पण समोरून दिसायला नको का? कात्री आणा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ते टोक धर. जरा ताण."

"सर, ते आत्याचं..."

"नंतर शिवून घेऊ. दोराच तर आहे."

मी टोक धरलं. नीट ताणलं. कडेपासून शेंड्यापर्यंत कात्री गेली. दोरे तुटतानाचा तो बारीक आवाज मला ऐकू येत होता आणि मी टोक सोडलं नाही. संध्याकाळी पाहुणे आले. "किती अस्सल!" म्हणाले. मला स्वयंसेवक म्हणून प्रमाणपत्र मिळालं. भाड्यानं आणलेल्या मखमली पडद्याला टाचणीचं भोक पडू नये म्हणून सरांनी चारदा बजावलं होतं. जाळ्याबद्दल ते कुणालाच काही बोलले नाहीत.

रविवारी मी पिशवी आत्यापुढं ठेवली. तिनं शेंडा हातात घेतला, बोटं खाली सरकवत गेली आणि थांबली.

"कुणी कापलं?"

"सरांनी."

"तवा तू कुठं हुतीस?"

"तितंच."

"काय करत हुतीस?"

मी खोटं बोलू शकले असते. "दुसरं टोक धरलं हुतं," मी सांगितलं.

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. म्हणाली, "कालेजात धरायला चांगलं शिकिवलंय."

सोमवारी मी सरांकडे गेले. जाळं वाया गेलं, असं सांगितलं. ते म्हणाले, "अरे! मावशींना पुढच्या कार्यक्रमाला बोलवू. शाल-श्रीफळ देऊ." मी म्हणाले, "शाल नको सर. तुम्ही वस्तीवर या आणि तिच्यापुढं उभे राहा." ते म्हणाले, परीक्षा होऊ देत, मग बघू. परीक्षा होऊन गेल्या.

उन्हाळाभर मी आत्याच्या बाजेजवळ बसून ती चीर सांधली. ती चाचपून गाठी बघायची आणि ढिल्या असतील त्या उसवायची. दिवसाला वीतभर काम व्हायचं, त्यातलं निम्मं ती उसवायची. जूनमध्ये पोपटदादानं जाळं फेकलं. चांगलं फेकजाळं पाण्यावर पडताना कडेचे सगळे मणी एकदम टेकतात, एकच आवाज येतो. हे मला माहीतच नव्हतं. आत्यानं त्या दिवशी सांगितलं, कारण त्या दिवशी दोन आवाज आले. सांध्याची बाजू मागं राहून नंतर पडली.

"चालतंय गं आये," पोपटदादा पाण्यातून ओरडला.

"न्हाय चालत," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, "ऐकलंस?"

"व्हय."

"मंग बास," म्हणाली आणि काठी टेकत घरी गेली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आत्या वारली. पोपटदादा अजून तेच जाळं वापरतो. आईच्या हातचं दुसरं त्याच्याकडं नाही. चिलापी मासळी त्यात सापडते, सांध्याच्या बाजूनं सुटतेही. सुट्टीत मी ओट्यावर पाण्याकडं पाठ करून अभ्यासाला बसते. तो जाळं फेकतो आणि मला वळून बघावं लागत नाही. पहिला आवाज येतो. मी पेन खाली ठेवते आणि दुसऱ्याची वाट बघते.