दुसरं पोतं

"पूस ते."

बॉक्सिंगचे सर एवढंच म्हणाले. मी मॅटवर गुडघे टेकून होते. समोर माझीच ओकारी. सकाळी खाल्लेली अर्धी भाकरी आणि पाणी. मी फडकं मागितलं तर सरांनी खुंटीकडे बोट दाखवलं. खुंटीला माझा शर्ट होता, घरी घालून जायचा. तो मी आणला आणि त्यानं मॅट पुसली. पुढे खुर्च्या मांडलेल्या होत्या. पाच-सहा पाहुणे, प्रत्येकाच्या हातात चहा. एकानंही कप खाली ठेवला नाही.

मधल्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष. अख्खा तालुका त्यांना भाऊ म्हणतो. असला भाऊ माझ्या घरात असता तर मी घर सोडलं असतं.

भाऊ पाहुण्यांना म्हणाले, "ऊसतोड्याची पोरगी हाय. ह्या लोकांचं अंग लई दणकट. ओझं कितीबी द्या, उचलत्यात. पण दम न्हाई. दम खानदानात असावा लागतो."

पाहुणे हसले. सर त्यांच्या आधी हसले. मी ओला शर्ट पिळून पिशवीत कोंबला आणि खेळायच्या बनियनवर भर बाजारातून आत्याच्या घरी गेले. लोक बघत होते. बघू दे म्हणण्याची ताकद तेव्हा माझ्यात नव्हती. रडत गेले.

आमचं गाव सिरसाळ्याजवळ. माय-बाप सहा महिने फडावर, उसाला. मी तालुक्याला आत्याकडे राहून अकरावी शिकत होते. संस्थेच्या हॉलमध्ये मुलींसाठी बॉक्सिंगचं केंद्र निघालं. बाहेर भाऊंचा भलामोठा फ्लेक्स. भाऊ हात जोडून उभे आणि खाली लिहिलेलं, खेड्यातल्या लेकींना पंख. फ्लेक्सवर ते जरा गोरेही झाले होते. मला फी माफ केली. मला वाटलं, माझा ठोसा बघून घेतलं. पंधरा दिवस मी जमिनीवर नव्हते.

मग कळलं कशाला घेतलं ते. हॉलमध्ये मारायला एकच पोतं टांगलेलं, तेही उसवलेलं. सर सगळ्यांसमोर मला म्हणायचे, "हे आपलं दुसरं पोतं." आणि खरंच तसं वापरायचे. पाच मुली रांगेत उभ्या. एक राऊंड एकीचा. ती दमली की बाजूला, ताजी पोरगी आत. मी मात्र तीच. पाचही राऊंड मीच. पाचवी यायची ती भाऊंची पुतणी. माझ्यापेक्षा वर्षानं लहान, पण सगळे तिला ताई म्हणायचे. मीही म्हणायचे. तिला अंडी, केळी, सुकामेवा, वेगळी बाटली, वेगळे ग्लोव्हज. माझी चार राऊंड मळणी झाली की ती आत यायची आणि मेलेल्याला मारायची. त्यावर टाळ्या पडायच्या. आणि एक नियम सरांनी पहिल्याच दिवशी कानात सांगितलेला.

"ताईच्या तोंडावर मारायचं न्हाई. तिचे फोटो असत्यात."

एवढं सहन का केलं? कारण जानेवारीत जिल्ह्याची निवड चाचणी होती. ती जिंकली की राज्याच्या स्पर्धेला जायचं. आणि नाव केंद्रातूनच पाठवावं लागायचं. माझ्या वजनगटात मला हरवणारी तालुक्यात कुणी नव्हती. फक्त माझं नाव पाठवलं जायला हवं होतं.

पण दमाचं काय? पहिल्या राऊंडला मी वाघीण. दुसऱ्याला हात जड. तिसऱ्याला डोळ्यांपुढे अंधार. सरांचं सगळं शास्त्र एकच होतं, मैदानाला दहा चकरा. एकाच चालीनं, रमतगमत. स्वतः मोटारसायकलवर बसून शेंगा फोडत मोजायचे. मी दहाच्या वीस केल्या. सकाळी उठून घाटनांदूरच्या रस्त्याला लागायचे, कितीतरी लांब जायचे, परत यायचे. पळून पळून पायांच्या काड्या झाल्या. तरी तिसऱ्या राऊंडला तेच. बैलासारखं एका चालीनं चालणं वेगळं आणि तीन मिनिटं जीव खाऊन भांडून, एका मिनिटात सावरून पुन्हा भांडणं वेगळं, हे सांगायला तिथे कुणी शहाणा नव्हता. शिट्टी होती फक्त.

ओकारी पुसली त्या दिवसापासून तर मी भाऊंचंच खरं मानायला लागले. आमच्यात दमच नाही. खानदानातच नाही. ह्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. शर्टानं मॅट पुसली त्याची नाही. त्या माणसावर विश्वास ठेवला, त्याची.

डिसेंबरात आत्या गावाला गेली म्हणून मी तीन आठवडे माय-बापाकडे फडावर गेले. बाप ऊस तोडायचा, माय मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत नेऊन टाकायची. ट्रॉलीला फळी लावलेली, टाचेएवढी रुंद. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि फळीवरून वर. लहानपणी मी हे केलं होतं. आता तर मी बॉक्सर. घेतली मोळी. तिसऱ्या खेपेला फळीच्या मध्यावर थांबले. पुढचं पाऊल उचलेना. मागून माय.

"श्वास कावून धरलायस?"

"न्हाई धरला."

"धरलायस. थोबाड बघ कसं फुगलंय. फळीवर पाय ठिवला की सोडायचा. एक पाय, एक श्वास. लाज वाटती का आवाजाची?"

वाटायची. खरंच वाटायची. मोळी घेऊन चढताना आमच्या बाया प्रत्येक पावलाला हुं करतात. हुं, हुं, हुं. शाळेत एका पोरीनं त्या आवाजाची नक्कल केली होती आणि अख्खा वर्ग खिदळला होता. मला ते कण्हणं वाटायचं. मी ठरवलं होतं, आपण कधी कण्हायचं नाही. तोंड मिटून घ्यायचं. तोंड मिटूनच मी मारायचे, तोंड मिटूनच मार खायचे.

मी कशीबशी खाली उतरले, माय माझ्या पुढे झाली. चाळिशी उलटलेली, दोन वेळा जेवण मिळालं तर मिळालं. डोक्यावर माझ्यापेक्षा मोठी मोळी. हुं करत वर गेली, मोळी टाकली, खाली आली, पुढची घेतली. पन्नास खेपा. धाप नाही. त्या भाऊला म्हणावं ये इथे, चहाचा कप घेऊन ये, आणि एकदा फळी चढून दाखव.

मग दुपारी मुकादम आला. जीपमधून उतरलाही नाही. माय मध्येच थांबली. पदर डोक्यावर ओढला. आणि मी बघितलं, तिची छाती हलायची थांबली. "जी," म्हणाली. पुन्हा "जी." बापाचीही तीच गत. जीप गेली, तेव्हा दोघांनी श्वास सोडला.

मी तशीच बांधावर बसले. एकदा सरावाला पाहुणे नव्हते, भाऊ नव्हते, तेव्हा पोतं होऊनही मी चार राऊंड नीट खेळले होते. ते मी विसरले होते. मला दम नव्हता असं नव्हतंच. ती मधली खुर्ची भरली की माझा श्वास अडायचा. माझ्या मायचा अडतो. आजीचाही अडत असणार. आम्हाला कुणी शिकवलं नाही, तरी हे बरोबर येतं. आणि हे लोक आधी आमचा श्वास अडवतात, मग पाहुण्यांना सांगतात, ह्यांना दम नाही. थू!

दुसऱ्या दिवसापासून वेळ मोजायला मायच्या हातात मोबाईल दिला. तीन मिनिटं मोळ्या घेऊन फळीवर चढ-उतार, जमेल तेवढ्या वेगानं. मग एक मिनिट नुसतं उभं राहायचं. मायला ते एक मिनिट बघवायचं नाही.

"हुबं ऱ्हायला कुणी शिकतंय व्हय?" म्हणायची आणि हसायची.

पण तेच शिकायचं होतं. सुरुवातीला त्या एका मिनिटात काळीज धडधडतच राहायचं, तोवर माय ओरडायची, "झालं, चल." आठवडाभरानं मिनिट संपायच्या आत छाती शांत व्हायला लागली. मग बांधावर आखूड धावा, जोरात, थांबून पुन्हा जोरात. सुती दोरीवर उड्या. मोकळ्या हवेत ठोसे, प्रत्येक ठोशाला हुं. फडातल्या बाया बघून हसायच्या. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "आमच्यावानीच करती की." खेळाच्या आधी दोन तास पोटात काही टाकायचं नाही, हेही मीच शिकले. ज्या माणसाला महिन्याला मानधन मिळतं त्यानं सांगितलं नव्हतं.

परत आले. चाचणीला आठ दिवस. भाऊंचे पाहुणे पुन्हा आलेले, ह्या वेळी फोटोवालाही. सरांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"पाचव्याला ताई यील. तिचा डावा लागला की पडायचं. येवढंच. मग तुझंबी नाव जाईल."

तुझंबी. ताईचं जाणारच होतं, माझ्या वरच्या वजनगटात. माझं नाव पडण्यावर होतं. मी मान हलवली. सरांना वाटलं, हो म्हणाली.

पहिली आली, गेली. दुसरी, तिसरी. हुं, हुं. मधल्या मिनिटात मी उभी राहायचे, नुसती उभी, आणि मधल्या खुर्चीकडे बघायचे. मुद्दाम बघायचे. छाती खाली-वर होतेय ना, एवढंच तपासायचे. होत होती. चौथी गेली. फोटोवाला पुढे सरकला. ताई आत आली, नवे लाल ग्लोव्हज. आल्या आल्या धडाधड मारायला लागली. मी हातांवर घेतलं. मिनिटभरात तिचे ठोसे मऊ पडले. बिचारीला दमायची सवयच नव्हती, कारण तिच्यासमोर नेहमी कुणीतरी आधीच दमवून ठेवलेलं असायचं. ती माझ्या गळ्यात पडली. कानाशी म्हणाली, "पड ना गं."

"तूच पड, ताई."

आणि सरळ डावा. तोंडावर. एकच, पण पुरा. ती मॅटवर बसली. नाकातून रक्ताचे दोन-तीन थेंब पडले. फोटोवाल्यानं फोटो काढला नाही, शहाणा माणूस.

भाऊ उभे राहिले. "सर, हे काय चाललंय?"

सरांनी माझ्या पायाशी फडकं फेकलं. म्हणजे फडकं होतं हॉलमध्ये. पहिल्यापासून होतं. "पूस ते. आन माफी माग."

मला धाप लागली नव्हती. म्हणून नीट बोलता आलं.

"मॅट तुमची हाय. रगत तुमचं हाय. तुमीच पुसा."

"हिचं नाव काढा," भाऊ म्हणाले. मी ग्लोव्हज दाताने सोडले, तिथेच ठेवले. शर्ट खुंटीवरून घेतला, अंगात घातला, बटणं लावली आणि निघाले.

नाव गेलं नाही. चाचणी झाली, माझ्या गटात जी जिंकली तिला मी सरावात दोनदा मॅटवर बसवलं होतं. कुणी न्याय दिला नाही, कुणी देणारही नव्हतं. आत्या म्हणाली, पडली असतीस तर काय बिघडलं असतं? मायला फोनवर सगळं सांगितलं. पलीकडे तिनं श्वास धरलेला मला कळला.

"माय, सोड," मी म्हणाले.

तिनं सोडला. मग म्हणाली, "लागलं का तिला?"

"लागलं."

"बरं."

ह्या वर्षी मी दोन व्यायामशाळांत गेले, माझं नाव तुमच्याकडून पाठवा म्हणून. दोन्ही ठिकाणी भाऊंचं नाव निघताच त्यांची तोंडं उतरली. तीन मिनिटांच्या बोलण्यात धाप लागली त्यांना. तिसरीकडे जाणार आहे. तिथेही नाही म्हणाले तर चौथीकडे, जिल्ह्यात व्यायामशाळा काही दोनच नाहीत. फडावरून गावात आल्यावर बापानं बांधाला फळी लावून दिलीय. रोज सकाळी तीन मिनिटं, एक मिनिट. पाच राऊंड. आता सहा.

आणि रोज शेंगदाणे खाते, उकडलेली अंडी खाते, मोळी वाढवते, वजन वाढवते. साडेतीन किलो वाढलं, अजून थोडं हवंय. ह्या चाचणीला मी माझ्या जुन्या गटात खेळणार नाही. ताईच्या गटात खेळणार आहे. भाऊ पुढच्या रांगेत बसणार, हे मला ठाऊक आहे. तिथे पंच असतात, राऊंड तीनच असतात, दोघी ताज्या असतात. आणि तोंडावर मारायला मनाई नसते.