सुकटीच्या डब्यातला निबंध

मी मराठी चौथी झाले आणि माझी शाळा संपली. बोंबील वाळवायला हात हवे होते. त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही. माझा थोरला भाऊ मात्र अलिबागला चालत जाऊन मॅट्रिक झाला. त्याला मुंबईच्या कॉलेजात जायचं होतं. तिथे राहायचं कुठे, हा प्रश्न. एका वसतिगृहात गरीब मुलांना फुकट ठेवत, पण त्यांची एक अट होती. मुलाने स्वतःबद्दल दोन पानं स्वतःच्या हाताने लिहून समक्ष आणून द्यायची. ती पसंत पडली तर जागा, नाही तर दादा परत गावात.

आम्ही बायका बांबूच्या मांडवावर बोंबील टांगत होतो. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. दादाने तिथे उभं राहून आपला निबंध मोठ्याने वाचला. "हा अथांग सागर माझा पिता आणि लाटा माझ्या भगिनी."

आत्याने हातातले बोंबील खाली ठेवले. "दर्या तुजा बापूस, तर त्यो जालं शिवतोय त्यो कोन रं?"

सगळ्या बायका हसल्या. बाबा खाली मान घालून जाळं शिवत राहिले.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" दादा चिडला.

मी म्हणाले, "दादा, तू होडीत बसलास की ओकतोस. ते लिव."

"ते काय लिहायचं असतं?"

"मंग खोटं लिव," आई म्हणाली. "इचारलं तर सांग, लाटा माज्या भयनी."

तो पानं घेऊन तरातरा निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र टोपली पालथी घालून मांडवाखाली बसला आणि नवीन लिहिलं. होडी लागते म्हणून बाबांनी त्याला होडीतून उतरवलं आणि शाळेत घातलं. सकाळी तो बायकांबरोबर बोंबील टांगायचा आणि गावातली पोरं त्याला वहिनी म्हणून हाक मारायची. हे सगळं त्याने लिहिलं. टांगता टांगता तो कविता पाठ करायचा आणि आत्या मध्येच अडवून त्याला चुकवायची, हेही लिहिलं. आत्या खूश झाली. आपलं नाव मुंबईला जाणार म्हणाली.

पानं आईने जपून ठेवली. आमच्या घरात घट्ट झाकणाची वस्तू एकच, सुकटीचा डबा. मॅट्रिकचा दाखलाही त्यातच होता.

निघायच्या दिवशी रेवसला मुंबईची बोट धरायला बैलगाडी जुंपली. पाऊस तोंडावर आलेला, ती शेवटच्या बोटींपैकी एक. शाळेतले मास्तर निरोप द्यायला आले. त्यांनी पानं हातात घेतली आणि लगेच हात लांब केला.

"अरे, हे ठेवलं होतं कशात?"

"सुकटीच्या डब्यात, मास्तर," आई म्हणाली. "उंदीर लागत न्हाय."

मास्तरांनी लांबूनच पानं वाचली. "लिहिलंयस झकास. पण मुंबईत नाकाला रुमाल लावतील."

आईने पानं हुंगली, आत्याने हुंगली, मीही हुंगली. कुणालाच काही वास येईना. दादाचं तोंड पडलं. परत लिहायला वेळ नव्हता. आईने परड्यातली सोनचाफ्याची फुलं आणून पानांत दाबली. मास्तरांनी पुन्हा वास घेतला आणि म्हणाले, "आता आणखी वाईट झालं."

"ह्यो सोताबद्दलच लिवलाय ना?" आत्या म्हणाली. "मंग वास त्याचाच हाय. जा रं पोरा, बस गारीत."

आठवडाभर आईने दादाचं नाव काढलं नाही. घरातली भांडी मात्र ती दिवसातून दोनदा घासायची. मग पत्र आलं. घरात वाचता येणारी आता मीच, म्हणून ओट्यावर बसून मी वाचलं. दादाने लिहिलं होतं, "पहिलं पान वाचताना साहेबांनी खिडकी उघडली. दुसरं वाचून झाल्यावर मला बसायला खुर्ची दिली. जागा मिळाली. मात्र खोलीत सुकी मासळी आणायची नाही असं बजावलं आहे."

बाबा तेवढ्यापुरते हसले आणि विडी पेटवायला गेले. आई म्हणाली, "जागा दिली ती दिली. जेवाला काय देतान?"

मी पुढचं वाचलं. दोन्ही वेळा वरणभात, मासळीचं नाव नाही.

दादा गेला तेव्हा न रडलेली आई तेव्हा रडली.