मालतीला आलेलं बोलावणं

तुम्हाला सांगतो म्हणून बसलोय खरा, पण कुठून धरावं ते कळत नाही. हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. लेकीला ठाऊक नाही, भावाला ठाऊक नाही. आणि जिला सगळ्यांत आधी ठाऊक असायला पाहिजे – तिला तर नाहीच. ती आत्ता पलीकडच्या खोलीत गव्हातले खडे वेचतेय. मला सुपाचा आवाज येतोय.

आधी मी कोण, ते सांगतो. मी कचेरीत कारकून होतो. महसुलाच्या. औरंगाबादेतच जन्मलो, इथंच शिकलो, आणि त्या काळी इथं शिकायचं म्हणजे उर्दूत शिकायचं. घरात मराठी, शाळेत उर्दू. माझं उर्दू अक्षर फार देखणं होतं. खुशखत म्हणायचे. साहेबलोक महत्त्वाचा कागद असला की दुसऱ्या टेबलावरून उचलून माझ्याकडे पाठवायचे. माणसाला आपल्याबद्दल एखादी गोष्ट पक्की वाटायला लागते ना? मला वाटायचं, मी हुशार आहे. जन्मतःच हुशार. शिकावं लागतं ते इतरांना.

मग पोलिस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, आम्ही मिठाई वाटली, मीही वाटली. पुढं चारेक वर्षांत हळूहळू कागद बदलायला लागले. आधी इंग्रजी आलं, मग मराठीत पत्रव्यवहार. लोक म्हणाले, तुम्हाला काय काळजी, तुमची तर मायबोली. मायबोली खरी – पण बोलायची! देवनागरी मी स्तोत्राच्या पोथीपुरती वाचायचो, तीही पाठ असलेली. लिहायला बसलो की हात उजवीकडून सुरू व्हायचा. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. एकदा साहेबांपुढं मसुदा ठेवला. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि तांबड्या शाईनं एक शब्द गोल केला. फक्त एक. माझ्या मानेवरून घाम उतरला. त्या दिवसापासून दोन-अडीच वर्षं मी सकाळी कचेरीची पायरी धास्तीतच चढलो.

आमच्या कचेरीत मीरसाहेब म्हणून एक बुजुर्ग होते, पन्नाशीचे. ते काय करायचे? शहागंजातून पोरांची अंकलिपी आणलेली, आणि दुपारच्या सुटीत टेबलावर उघडी ठेवून ‘ग गवताचा’ म्हणत गिरवायचे. चपराशालाच विचारायचे, हे बरोबर आहे का म्हणून. मी हसायचो. ते म्हणायचे, ‘‘अरे भई, बच्चे सीख लेते, तो हम क्यूं नै सीखते?’’ मी मनात म्हणायचो, या म्हाताऱ्याला लाज नाही. खरं तर मला त्यांची भीती वाटायची. त्यांना न येण्याची लाज नव्हती, आणि मला तर तीच खात होती.

मग मी मार्ग काढला. मालती – माझी बायको – नगरकडची. तिकडं इंग्रजांचा मुलूख, तिची मराठी सातवी झालेली. फायनलची परीक्षा पास. लिहायची कशी, तर कुठं खाडाखोड नाही. मी कागद घरी आणायला लागलो. मी तोंडानं सांगायचो, ती लिहायची. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी ते चित्र काढल्यासारखं उतरवायचो. साहेब म्हणाले, ‘‘सुधारणा आहे.’’ मी मान लववली. मालतीचं नाव कुठं आलं नाही. यायचं कारणच काय?

ती पहिल्यापासून म्हणायची, ‘‘अहो, मी शिकवते की तुम्हाला. महिना-दोन महिन्यांचं काम आहे.’’ मी म्हणायचो, ‘‘या वयात नाय होत. डोकं एकदा बनलं की बनलं.’’ मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो.

इथवर सांगायला सोपं आहे. लबाडी आहे, पण अशी लबाडी कचेरीत अर्ध्या लोकांनी केली असेल. खरं ते पुढं आहे.

मराठी शाळा भराभर निघत होत्या आणि शिकवायला माणसं नव्हती. सातवी झालेल्या बायकांनाही घेणार, अशी खबर आमच्या औरंगपुऱ्यातल्या गल्लीत आली. मालती तेव्हा सत्तावीसची. पोर चार वर्षांची. तिनं मला विचारलं – नाही, विचारलं नाही, सांगितलं. असं हसून सांगितलं, की मी नको म्हणायचं विसरलो. अर्ज तिनं स्वतः लिहिला. म्हणाली, ‘‘गल्लीत पत्रं गहाळ होतात. तुमच्या कचेरीचा पत्ता घालते, म्हणजे हातचं कुठं जायचं नाही.’’

हातचं कुठं जायचं नाही. असं म्हणाली ती.

पत्र आलं ते एका गुरुवारी. टपालाच्या गठ्ठ्यात वरच होतं. मी फोडलं, माझ्या पत्त्यावर होतं ना. मराठीत होतं. एकेक अक्षर लावत मी ते वाचलं. सरकारी मराठी कागद कुणाच्या मदतीशिवाय पुरा वाचला, असा तो पहिलाच. श्रीमती मालती अमुक यांनी अकराव्या दिवशी, सोमवारी, मूळ दाखल्यासह मुलाखतीस हजर राहावे.

माझ्या मनात काय आलं, ते तुम्हाला सरळ सांगू? ती शाळेत जाणार. सकाळी जाणार, संध्याकाळी पोरांच्या वह्या घेऊन येणार. मग माझे मसुदे कोण लिहिणार? आणि दुसरं – हे त्याहून वाईट. ती मास्तरीण होणार आणि मी तिच्या घरात अंगठाबहाद्दर. लोक म्हणतील, बाई शिकलेली आहे. मला हे दिसलं. तिचा आनंद दिसला नाही.

कागद गहाळ कसा करायचा, हे कारकुनाएवढं कुणाला कळतं? माझ्या टेबलावर एका जमिनीच्या भांडणाची मिसल, म्हणजे कागदांची फाइल, होती. निकाल लागलेली, दोन्ही पक्ष थकून मेलेले. ती रेकॉर्डला जायची होती. मी ते पत्र तिच्यात मधोमध घातलं, दोरी आवळली, आणि चपराशाला हाक मारली. एवढंच. दोन मिनिटांचं काम.

मग अकरा दिवस. रोज मी घरी आलो की ती पाण्याचा तांब्या पुढं करून विचारायची, ‘‘काही आलं का?’’ मी ‘नाय’ म्हणायचो. पहिल्या दिवशी जीभ अडखळली. चौथ्या दिवशी नाही. अजून सांगता आलं असतं – बोलावणं उशिरा हाती पडलं म्हणता आलं असतं, कुणाला शंका आली नसती. मी रोज जाताना ठरवायचो की आज रेकॉर्डरूममध्ये जाऊन मिसल मागवतो. रोज दारापर्यंत जायचो. तिथला माणूस विचारेल, कशाला पाहिजे? एवढ्या प्रश्नाला मी भ्यायलो. त्या सोमवारी मला ताप होता की नुसतं वाटत होतं, कोण जाणे. संध्याकाळी ती पोरीची वेणी घालत बसली होती. विचारलं, ‘‘काही आलं का?’’

पुढं महिन्याभरानं गल्लीतल्या एका बाईंची नेमणूक झाली. मालती सांगायला आली. म्हणाली, ‘‘त्यांची पण सातवीच की हो. मार्क तर माझ्यापेक्षा कमी होते.’’ ती तक्रार करत नव्हती, तिला खरंच कोडं पडलं होतं. गप्प बसायचं तरी! मी काय म्हणालो?

‘‘मार्कांचं काय घेऊन बसलीस. शिकवणं अंगात असावं लागतं. असतं त्याला असतं, नसतं त्याला नसतं. त्या लोकांना अर्जावरूनच कळतं.’’

 ती ‘‘असेल’’ म्हणाली आणि आत गेली. पत्र लपवलं, ते पाप खरंच. पण कधी कधी वाटतं, हे वाक्य त्याहून मोठं होतं. पत्रानं तिची एक नोकरी गेली. या वाक्यानं –

थांबा, त्याआधी अजून एक आहे.

वर्ष उलटलं नाही तोच कचेरीत हुकूम आला. सगळ्यांनी मराठीची खात्याची परीक्षा द्यायची, साहेबांसमोर बसून लिहायची. नापास झाला तो खालच्या जागेवर. आता घरून कागद कसा नेणार? मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी मालतीनं पोरीची पाटी माझ्यापुढं ठेवली.

साडेचार महिने तिनं मला शिकवलं. चूल उरकून पहाटे, आणि कचेरीतून आल्यावर. मी चिडायचो, पाटी ढकलून द्यायचो, म्हणायचो की माझ्यानं होणार नाही. ती ढकललेली पाटी परत आणायची. पुसायची नाही. म्हणायची, ‘‘राहू द्या चूक, बघू तरी कुठं अडतंय. काल इथं अडलं होतं, आज दोन शब्द पुढं अडलंय. म्हणजे सरकलात ना?’’ मी माझ्या सगळ्या उस्तादांकडं शिकलो, पण असं शिकवणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. आणि हे मला तेव्हाच कळत होतं. पाटीवर मान घालून मी बसलेला, आणि कळत होतं की शिकवणं हिच्या हाडामांसात आहे – की हिनंही ते असंच, चुकतमाकत, मिळवलंय?

मी पास झालो. मीरसाहेबही झाले, माझ्यापेक्षा वर. घरी पेढे आणले. मालतीला इतका आनंद झाला, की तिनं पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि जरा चाचरत म्हणाली, ‘‘अहो, तुम्हाला पस्तिशी उलटल्यावर जमलं. मग मीही पुन्हा अर्ज करून पाहू का? या वेळी जास्त तयारी करीन.’’

आता मला तिची गरज नव्हती. माझे कागद मीच लिहिणार होतो. मसुद्यांचं कारण संपलं होतं. मग का? ऐका. माझ्या डोक्यात चटकन आलं – हिनं पुन्हा अर्ज केला, आणि तिथं कुणी म्हणालं, ‘बाई, मागच्या खेपेला बोलावलं होतं, आला का नाहीत?’ तर?

म्हणून मी म्हणालो, ‘‘कशाला? एकदा कळलं ना. पुन्हा हसू करून घ्यायचं का?’’

पेढ्यांचा पुडा तिनं बांधून फडताळात ठेवला. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. आणि त्यानंतर – हे मी पस्तीस वर्षं बघतोय – तिनं नवं काही हातात धरलं नाही. शिवणाचं मशीन घेतलं, तर म्हणाली, पोरीला शिकवा, मला नाही जमायचं. बँकेत खातं उघडलं, स्लिप मी भरतो. टेलिफोन आला, तर नंबर फिरवायला मला हाक मारते. चूक दिसली की पाटी न पुसणारी बाई ती! लेक म्हणते, आईला आत्मविश्वासच नाही, पहिल्यापासून. मी ऐकून घेतो. पहिल्यापासून नव्हतं हो तसं.

मी मात्र शिकत राहिलो. इंग्रजी टायपिंग शिकलो, निवृत्त झाल्यावर सायकल सोडून स्कूटर शिकलो. नातवंडांना सांगतो, शिकायला वय नसतं. ती कौतुकानं ऐकतात. मालतीही ऐकते.

गेल्या महिन्यात आमच्या हर्सूलच्या घरी दोन पोरी आल्या होत्या. प्रौढ साक्षरतेचं काम करणाऱ्या. कॉलनीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांना शिकवायला कुणीतरी हवं होतं, दुपारचा एक तास. कुणीतरी मालतीचं नाव सांगितलेलं, की आजींचं अक्षर फार छान आहे. मी खुर्चीत पेपर घेऊन बसलो होतो. पोरी आर्जवं करत होत्या. क्षणभर तिचे डोळे – मी ते पाहिलं – पाटी पुढं ठेवतानाचे जसे असायचे, तसे झाले. मग तिनं पदर सावरला.

‘‘नाही गं बायांनो. मला शिकवता येत नाही. अंगात असावं लागतं ते.’’

‘‘आजी, तुम्ही कधी करून तरी पाहिलंय का?’’ त्यातली धाकटी म्हणाली.

‘‘केला होता की अर्ज, तरुणपणी. मास्तरणीच्या जागेसाठी.’’ मालती हसली. आवाजात राग नाही, काही नाही. ‘‘त्यांनी बोलावलंच नाही.’’ मग माझ्याकडं वळून, नुसती आठवण पडताळून पाहावी तसं म्हणाली, ‘‘नाही का हो? काही आलंच नव्हतं ना?’’

दोघी पोरी माझ्याकडं बघत होत्या. तीही बघत होती. मी पेपर खाली ठेवला. मी सत्तरीचा आहे, माझी कुठली जागा जायची राहिली नाही, मला खालच्या पायरीवर ढकलणारा साहेब कधीच मेला.

‘‘व्हय,’’ मी म्हणालो. ‘‘नव्हतं आलं काही.’’