मुखपृष्ठावरची रॅग्ना

ब्रुकलिनच्या अँडर्स ट्वेटनं जन्मात कधी हडसन नदी ओलांडून पश्चिमेकडं पाऊल टाकलं नव्हतं, आणि पोट भरायचा तिकडच्या काऊबॉयची चित्रं काढून. आता बोला! शिकला होता चर्चच्या भिंतींवर संत रंगवायला. पण मंदी आली आणि संतांना गिऱ्हाईक उरलं नाही. मग दर महिन्याला प्रेमकथांच्या स्वस्त मासिकाचं मुखपृष्ठ: घोडा, धूळ, लाल रुमाल बांधलेली पोरगी आणि तिच्या मागून दौडत येणारा तो गडी.

पोरगी म्हणजे त्याची बायको, रॅग्ना. मॉडेल परवडत नव्हती, म्हणून हीच सोफ्याच्या हातावर मांड ठोकून, झाडूची बंदूक रोखून तासन्‌तास बसायची. पाठ भरून यायची, चुलीवर मासे करपायचे, पण बाई खूश! चित्राखाली अँडर्स सही मात्र कधी करायचा नाही. लाज वाटायची त्याला.

एका शनिवारी दोघं स्टेशनपाशी पेपरवाल्याकडं थांबली. नवा अंक समोरच टांगलेला.

"काय वहिनी, घोडा घरी बांधून आलात वाटतं?" पेपरवाल्या कार्मिनेनं टर उडवली.

"दमलाय बिचारा," रॅग्ना हसली.

तेवढ्यात काठी टेकत पॉमरॉय सर आले. अँडर्सला ब्रश धरायला शिकवलेले. सरांनी अंक काढून हातात घेतला.

"तू नाहीस ना रे असल्या धंद्यात?"

"छे हो, सर! या कचऱ्याला मी हात लावेन?"

निघून गेलं तोंडातून. सदा बडबडणारा कार्मिने खाली मान घालून पेपर नीट लावायला लागला. रॅग्नाचं हसू जागच्या जागी मावळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं अँडर्सला. अजून वेळ गेली नव्हती. 'सर, मीच काढलंय, आणि ही माझी बायको,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण तो आपला खिशातले सुटे पैसे चाचपत राहिला.

सरांनी चित्राकडं पाहिलं, रॅग्नाकडं पाहिलं, पुन्हा चित्राकडं पाहिलं. मग टोपी काढली.

"बाई, चेहरा फार मायेनं काढलाय तुमचा. काढणाऱ्याला माझं एवढं सांगाल?"

"सांगितलं असतं हो," रॅग्ना पर्स सावरत म्हणाली, "पण मी ओळखत नाही त्याला."