मामांची विद्या

आमच्या लाँड्रीत तिला सगळ्या वस्ताद म्हणायच्या. आधी चिडवायला, मग सवयीने, आणि पुढेपुढे तर साहेबसुद्धा चुकून तीच हाक मारायचे. इस्पितळाची लाँड्री आमची, तळघरात. वरच्या मजल्यांवरून मळक्या चादरी खाली येतात आणि इस्त्री होऊन वर जातात. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं आणि घडी घालायची. वस्तादसमोरचे दोन कोपरे माझे. दिवसभर तोंडासमोर तोंड, म्हणून तिचं सगळं मला ठाऊक. कोणाला वाटत असेल मावशी तिखटमीठ लावून सांगते, तर त्याने खुशाल दुसरीकडे चौकशी करावी.

दोघी बहिणी. आईबाप लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. मामांनी लग्न केलेलं नव्हतं, या दोघीच त्यांचा संसार. टायरच्या दुकानावर त्यांचा हॉल होता आणि तिथे ते लढाईची विद्या शिकवायचे. कराटे नाही, ज्युडो नाही, त्यांची स्वतःची, त्यांनीच काढलेली. नुसता हात लावायचा आणि समोरचा आडवा. वस्ताद लग्नाच्या फंदात पडली नाही. धाकटीचं मात्र मामांनी ओळखीतल्या एका माणसाशी जमवून दिलं. माणूस चारचौघांत इतका गोड की मुंग्या लागाव्यात. घरात हात उचलायचा.

धाकटीच्या कोपरावरचा निळा डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा ती म्हणाली, जिन्यावरून घसरले. त्यानंतर ती फारच घसरायला लागली. वस्ताद तिला आणायला गेली तर नवरा दारात उभा राहून हसत म्हणाला, "न्यायचीय ना? मग मला बाजूला सार आणि ने."

वस्तादने ते मनावर घेतलं. बिनहत्याराने, एकास एक, आपल्या दीडपट माणसाला बाजूला सारायचं, तर सगळ्यात भारी विद्या कुठली? आमच्या तळघरात यावर जेवणाच्या सुट्टीत रोज संसद भरायची. रोलरवाली म्हणायची बॉक्सिंग. गाडीचा ड्रायव्हर म्हणायचा कुस्तीपुढे सगळं झूठ. मी म्हणायचे, सगळ्यात भारी म्हणजे दोन धडधाकट पाय आणि समोर मोकळा रस्ता. पण वस्ताद हसण्यावारी नेणाऱ्यातली नव्हे. ती खरंच सगळीकडे जाऊन आली. बॉक्सिंगवाला म्हणाला, रोज मार खावा लागेल, नाक फुटलं तर रडत यायचं नाही. ज्युडोवाली बाई म्हणाली, पहिलं वर्षभर नुसती आपटली जाशील, मग बघू. कराटेवाल्याकडे सगळे रांगेत उभे राहून हवेला मारत होते, ते तिला पटलं नाही.

मामांना हे कळलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "काखेत कळसा नि गावाला वळसा. माझी भाची दुसऱ्यांच्या दारात विचारत फिरते?" आणि त्यांनी तिच्यासमोर लोखंडाच्या गोदामातल्या हमालाला उभं केलं. दार झाकून जाईल एवढा माणूस. मामांनी त्याच्या मनगटाला दोन बोटं लावली आणि तो धाडकन पडला. दुसऱ्या दिवशी चादरीच्या पलीकडून मला सांगताना तिचे डोळे नुसते चमकत होते. "मावशी, ताकद लागतच नाही. ताकदीचं कामच नाही."

झालं. निवड झाली.

वर्षं गेली. कामावरून सुटली की ती सरळ हॉलवर. पट्ट्यांचे रंग बदलत गेले. तो हमाल तिच्याही हातून पडायला लागला, मग हॉलमधले बाकीचे शिष्यही. प्रत्येक पट्टा मिळाला की ती विचारायची, "मामा, आता जाऊ धाकटीला आणायला?" आणि मामा डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "अजून थोडी कच्ची आहेस, बाळा. पुढचा पट्टा होऊ दे." मग ही धाकटीला फोन करून सांगायची, थोडं थांब, मी येते. आणि धाकटी थांबायची. कशी थांबत असेल ते तिचं तिलाच माहीत.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी म्हटलं, "वस्ताद, मला तरी दाखव तुझी जादू." आणि तिचं मनगट धरलं. तिने हात कसासा वळवला, पाय मागे घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले.

"मावशी, तुम्ही पडत का नाही?"

"का पडू?"

"अहो, तुमचं मनगट मी आत्ता मोडलंय."

ती चेष्टा करत नव्हती. पुन्हा केलं, पुन्हा. माझे हात ओल्या चादरी पिळून पिळून सांडशीसारखे झालेत हे खरं, पण मी काही पैलवान नाही. शेवटी मीच सोडलं, तिचा चेहरा बघवेना म्हणून. दुसऱ्या दिवशी ती मामांना विचारून आली. मामांचं म्हणणं असं की मावशीने चुकीचं धरलं, मावशीला शिकवलेलं नाही, आणि ही विद्या रागाने चालून आलेल्या माणसावरच चालते. माझं डोकं सटकलं. "अगं, त्या धाकटीच्या नवऱ्याला तरी कोणी शिकवलंय, कसं धरायचं ते?" तर बाईसाहेब माझ्यावरच रुसल्या. कितीतरी दिवस माझ्याकडे न बघता घड्या घातल्या. देवमाणसासारख्या मामांवर शंका घेणारी मी कोण?

मग एके सकाळी धाकटीचा फोन आला. रडतसुद्धा नव्हती. नुसतं म्हणाली, "ताई, आता नाही थांबवत." वस्ताद पट्ट्याची वाट न बघता तशीच निघाली.

पुढचं तिनेच मला सांगितलं. नवरा दारात आला, त्याने तिचा दंड धरला. रागातही होता. मामांनी शिकवलेलं सगळं तिने केलं, हात, पाय, श्वास, सगळं. तो आधी स्वतःच्या हाताकडे बघायला लागला, ही करते तरी काय म्हणून. मग हसला. मारलंसुद्धा नाही त्याने. गॅसची टाकी उचलून ठेवावी तशी तिला उचलून बाहेर ठेवली आणि दार लावून घेतलं. धाकटी मागे उभी राहून बघत होती.

तिथून ती सरळ कामावर आली. तिच्या हातातून चादरीचे कोपरे पुन्हापुन्हा सुटत होते. "मावशी," म्हणाली, "मी सगळं बरोबर केलं."

मी चादर टेबलावर टाकली आणि तिला धरून बसले.

सुट्टीत ती लोखंडाच्या गोदामात गेली, हमालाकडे. मीही गेले बरोबर, तिला एकटी सोडवेना. तिने त्याला सरळ विचारलं, "दादा, तू खरंच पडायचास?" तो एवढा मोठा माणूस, खाली बघायला लागला. म्हणाला, "पहिल्याच दिवशी मामांनी सांगितलं, गुरूने हात लावल्यावर उभं राहणं म्हणजे त्याचा अपमान. मग काय, पडायचो. तू त्यांची भाची, म्हणून तुलाही. पण मला वाटायचं, मी एकटाच मान राखून पडतोय, बाकीचे खरे पडत असतील."

वस्ताद तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "मलाही तसंच वाटायचं. मामांपुढे मीही आपली आपणच पडायचे."

म्हणजे बघा. सगळा हॉल पडत होता, आणि प्रत्येकजण समजत होता की खोटं पडणारा आपण एकटाच.

आता माझं ऐका. एकास एकच लढायचं, हे ठरवलं कोणी? त्या नवऱ्याने. त्याचा नियम आम्ही का पाळायचा? दुपारच्या फेरीला लाँड्रीची गाडी निघाली तेव्हा आम्ही तिघी मागे बसलो, वस्ताद, रोलरवाली आणि मी. पुढे ड्रायव्हर. नवऱ्याने दार उघडलं, आम्हाला बघून हसायला तोंड उघडलं, आणि रोलरवालीने आणि मी मळकी चादर ताणून त्याला भिंतीला दाबला. ड्रायव्हर नुसता खांदा लावून उभा राहिला. शिव्या भरपूर घातल्या त्याने, चादरीतून नीट कळल्या नाहीत. वस्ताद आत गेली आणि धाकटीचा हात धरून बाहेर आली. एवढंच. एवढ्यासाठी वर्षं गेली.

गाडीत धाकटी मळक्या चादरींच्या गाठोड्याला टेकून बसली. मग बोलली ते ऐकून मला वाटलं, नसती बोलली तर बरं झालं असतं. ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी मामांकडे गेली होती, मला त्याच्यापासून सोडवा म्हणून. मामांनी तिचे डोळे पुसले आणि सांगितलं, "ताई तयार होतेय. तोवर सोस. तिला मात्र सांगू नकोस मी असं म्हणालो, ती घाई करेल." आणि पुन्हा त्याच घराच्या दारापर्यंत पोचवून आले.

"ते स्वतः का नाही गेले आत?" धाकटीने विचारलं. उत्तर आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आत गेले असते तर तो माणूस पडला नसता, आणि मामांची विद्या त्या दारातच संपली असती. विद्या वाचवायला त्यांनी पोर तिथे ठेवली. शत्रू परवडला हो, तो समोरून येतो. यांनी केसाने गळा कापला, आणि तोही डोक्यावरून हात फिरवत.

वस्ताद म्हणाली, "गाडी हॉलवर घ्या."

मी म्हटलं, "काय करणार आहेस? म्हाताऱ्याला मारणार?"

"नाही. त्यांनी एकदा नुसतं उभं राहावं. सगळ्यांसमोर. तेवढंच मागणार आहे. तिथे नवीन पोरी येतात, मावशी. त्यांच्यापण घरी काहीतरी असेल, उगीच कोण येतं? त्यांना तरी कळू दे."

हॉलमध्ये वर्ग चालू होता. पहिल्या रांगेत खरंच पोरी होत्या, नवे कोरे पांढरे कपडे घातलेल्या. मामांनी दारात धाकटीला बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. वस्ताद चपला काढून आत गेली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"मामा, माझा हात धरा. घट्ट धरा. आणि काही झालं तरी सोडू नका."

"आपण आत बसून बोलू, बाळा."

"इथेच."

मामांनी हात धरला. मी दारातून बघत होते, माझ्या या डोळ्यांनी. ती काहीही करत नव्हती. बोट हलवलं नाही, पाय हलवला नाही, नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसलं नाही. मामा तिच्याकडे बघत होते, मग धाकटीकडे बघितलं, मग त्या पोरींच्या रांगेकडे. एक क्षण मला वाटलं, राहील उभा म्हातारा. आता राहील.

मामांनी हुंकार दिला, गुडघे वाकवले आणि पाठीवर धाडकन पडले. गादीवर तळहात आपटला, शिकवतात तसा.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या सगळ्यांनी वाजवल्या. वस्तादचा हात अजून तसाच पुढे होता.

"मी काहीच केलं नाही," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. टाळ्यांमध्ये कोणाला ऐकू गेलं नाही.